मिशन इम्पॉसिबलची वही : आठ पिक्चर, दीड महिना

१ जून २०२५, रविवार

लग्नाचा सीझन संपत आला, शेवटच्या दोन पार्ट्यांचे व्हिडिओ देऊन झाले, हार्ड डिस्क रिकामी केली. आता तुळशीच्या लग्नापर्यंत साखरपुडे, बारशी सोडली तर हाताला फारसं काम नाही, म्हणून दोन वर्षं डोक्यात असलेलं काम आज सुरू करतोय. मिशन इम्पॉसिबलचे आठही पिक्चर ओळीनं लावायचे आणि वहीत तुलना मांडायची. नुसतं भारी आणि बोगस असं नाही, तर कुठला सीन का धरून ठेवतो आणि कुठला का सुटतो ते, एडिटर म्हणून जेवढं कळतं तेवढं.

निमित्त भाचा. दहावी झाली, अकरावीसाठी आमच्याकडे सांगलीत, विश्रामबागला राहायला आलाय. त्याला आणि त्याच्या मित्रांना घरच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर यातला एक पिक्चर दाखवायचाय, एकच, आणि कुठला ते मी सांगायचं असं ठरलंय. पोरांनी एकही पिक्चर अख्खा बघितलेला नाही पण स्टंट सगळे पाठ आहेत, रील्समधून. "मामा, ती बाईकची उडीवाला लाव ना सरळ." म्हटलं थांब जरा, २० जुलैला सांगतो.

वहीत रकाने आखलेत. वर्ष, डायरेक्टर, गाव, मोठा स्टंट, व्हिलन, मार्क. १९९६, २०००, २००६, २०११, २०१५, २०१८, २०२३ आणि यंदाचा २०२५. एकोणतीस वर्षं टॉम क्रूझ एकच माणूस म्हणून पळतोय, ईथन हंट नावाचा गुप्तहेर. पहिल्या चार पिक्चरना चार वेगळे डायरेक्टर आणि पाचव्यापासून पुढचे चारही क्रिस्टोफर मॅक्वारीचे, म्हणजे ही सिरीज बरोबर मधोमध दुभंगते, तुलनेला इतकी सोयीची सिरीज दुसरी नसेल.

आजचा अंदाज लिहून ठेवतो, नंतर बदलला तर दिसेल : सहावा, फॉलआउट, एक नंबर.

४ जून, बुधवार

पहिला, १९९६, ब्रायन डी पाल्मा. अप्पाही बसले होते. अप्पा मिरज जंक्शनला गार्ड होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण पिक्चरमध्ये रेल्वे आली की अजून ड्युटीवर असल्यासारखं बघतात.

शेवटी ते लंडनहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या टपावरची मारामारी, मागं हेलिकॉप्टर बांधलेलं, आणि ते हेलिकॉप्टर गाडीमागं बोगद्यात घुसतं. मी लहानपणी हे बघून वेडा झालो होतो. अप्पांनी एकच विचारलं, "अरे, ओएचई कुठाय?" गाडी विजेवरची, मग वरची तार कुठं गेली? आणि खरंच नाही, पिक्चरमध्ये ताराच नाहीत. बरं तो चॅनल टनेल प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या बोगद्यांचा आहे, एकेका बोगद्यात एकच रूळ, आणि मधे सर्व्हिससाठी तिसरा छोटा बोगदा. पिक्चरमध्ये एकाच बोगद्यात दोन रूळ शेजारी शेजारी. माझं डोकं या चुकीत अडकलं नाही पण एक गोष्ट लक्षात आली, की अप्पा त्या सीनमधून तिथंच उठून गेले, मनानं. त्यांना गाडी माहीत होती आणि पिक्चरला नव्हती.

पण त्याच अप्पांनी आधी लँग्लीचा सीन श्वास धरून बघितला होता. सीआयएच्या ऑफिसात ती पांढरी खोली, ईथन छतातून दोरीवर उलटा उतरतो. त्याआधी टीमला सांगून ठेवलेलं असतं की या खोलीत माणूस नसताना तीन गोष्टी चालत नाहीत. आवाज झाला तर अलार्म, खोलीचं तापमान वाढलं तर अलार्म, जमिनीवर काही पडलं तर अलार्म. बस. एवढं सांगून झालं की डी पाल्मा गप्प होतो. म्युझिक बंद. घामाचा एक थेंब चष्म्यावरून ओघळतो आणि ईथन तो हातमोज्यावर झेलतो. वर दोरी धरलेल्याच्या समोर उंदीर येतो. कुणी कुणाला मारत नाही, काही फुटत नाही, बंदूक नाही.

सीन संपल्यावर अप्पा म्हणाले, "पूर आला तेव्हा जिन्यावर रेघा मारल्या होत्या बघ खडूनं, तसं झालं."

हे वाक्य मी रात्री दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, आता परत लिहितोय कारण बहुतेक या वहीचं काम तिथंच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही गावभागातल्या जुन्या घरात होतो. अप्पांनी जिन्याच्या प्रत्येक पायरीशेजारी भिंतीवर खडूनं रेघ मारलेली आणि आम्ही सगळे वरच्या पायरीवर बॅटरी घेऊन बसलेलो. पाणी आवाज करत नव्हतं, काही नाही, नुसतं चढत होतं. पण तिसरी रेघ गेली, चौथी गेली, आणि सहावीला घरातलं धान्य होतं हे सगळ्यांना माहीत होतं. भीती पाण्याची नव्हती, भीती पुढच्या रेघेची होती.

वहीत नवा रकाना वाढवला : रेघ.

८ जून, रविवार

दुसरा, २०००, जॉन वू. हाँगकाँगचा मोठा माणूस, स्लो मोशन, कबुतरं, दोन हातांत दोन पिस्तुलं. त्या वर्षी जगात सगळ्यात जास्त कमाई याच पिक्चरची झाली होती हे आता कुणाला आठवत नाही. सुरुवातीला युटाच्या कड्यावर नुसत्या हातांनी चढतो ते क्रूझनं स्वतः केलंय, सेफ्टीच्या केबल नंतर कॉम्प्युटरवर पुसल्यात. दिसायला देखणं. आणि शेवटी सुरी डोळ्याच्या बुबुळाजवळ येऊन थांबते तो शॉटही खऱ्या सुरीचा, केबलला बांधून अंतर मोजून घेतलेलं.

पण बघा, याच्याकडं रेघ होती आणि हातची घालवली. विषाणू अंगात गेला की वीस तासांत औषध नाही मिळालं तर खलास, असं स्पष्ट सांगितलेलं. नायिका तो विषाणू स्वतःला टोचून घेते. म्हणजे वीस तासांचं घड्याळ सुरू. पण नंतर पिक्चर त्या तासांकडं बघतच नाही, मोटारसायकली गोल फिरतात, समुद्राकाठी वाळूत हाणामारी होते, ती बाई कड्यावर कुठंतरी चालतीय आणि तिला किती तास उरलेत हे आपल्याला धड कळत नाही. पाणी चढतंय पण भिंतीवर खडूची रेघच नाही.

मुखवटे पण अति झाले. हा त्याचा चेहरा लावतो, तो याचा लावतो, तिसऱ्यांदा कुणी गळ्यापाशी हात नेला की कळतंच आता साल निघणार.

१० जून

काम आलं मधेच, मिरजेत बारसं. काही बघितलं नाही.

१५ जून, रविवार

तिसरा, २००६, जे जे अब्राम्स, त्याचा डायरेक्टर म्हणून पहिलाच सिनेमा. मी याला विसरलो होतो आणि आज बघताना लाज नाही पण हळहळ वाटली, की इतकी वर्षं याला मधला म्हणून सोडून दिला. व्हिलन फिलिप सेमूर हॉफमन. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याला ऑस्कर मिळालेला, आणि मे महिन्यात हा. आठही पिक्चरमध्ये असा व्हिलन दुसरा नाही, हे मी पेनानं लिहितोय, पेन्सिलनं नाही. ओरडत नाही. शांतपणे विचारतो तुला बायको आहे का, मैत्रीण आहे का, आणि पुढं काय करणार ते सांगतो.

पिक्चर सुरूच होतो मधल्या सीननं, ईथन खुर्चीला बांधलेला, समोर बायको, आणि हॉफमन दहापर्यंत मोजतो. दहापर्यंत! याहून साधी रेघ नसते, पहिलीतल्या पोराला कळते. मग पिक्चर मागं जातो आणि दीड तास आपल्याला माहीत असतं की ही खुर्ची पुढं येणार आहे.

व्हॅटिकनचा सीन पण तसाच. हॉफमनचा मुखवटा मशीनवर तयार होतोय, त्याच्याकडून एक चिठ्ठी जबरदस्तीनं वाचून घेतात कारण आवाज पाहिजे, तो आवाज मशीनमध्ये भरतोय भरतोय आणि बाहेर त्याची माणसं दारावर आलीत. एक्सपोर्टची पट्टी ९० टक्क्यांवर अडकलीय आणि मांडवातून फोनवर फोन येतायत, हे मी दर सीझनला भोगतो, त्यामुळं मला तो सीन पोटात कळला.

एक गंमत. शांघायमध्ये जी वस्तू चोरायची त्यासाठी ईथन एका टॉवरवरून दुसऱ्यावर झोका घेतो, आत घुसतो, आणि आत काय झालं ते अब्राम्स दाखवतच नाही. टीमसोबत आपण बाहेर थांबतो. भाचा चिडला, "मामा, मेन चोरीच कापली." मला मात्र हे धाडस आवडलं, पण त्याचं म्हणणं पण खोटं नाही, म्हणून दोन्ही लिहितोय.

१९ जून, गुरुवार

पाऊस. लाईट दोनदा गेली, तरी चौथा पूर्ण केला, घोस्ट प्रोटोकॉल, २०११. ब्रॅड बर्ड हा माणूस तोवर अ‍ॅनिमेशन करायचा, द इन्क्रेडिबल्स त्याचाच, आणि माणसं घेऊन केलेला हा पहिला. अ‍ॅनिमेशनवाल्याला प्रत्येक वस्तू स्वतः काढावी लागते, फुकट काहीच मिळत नाही, म्हणून की काय पण याच्या फ्रेममध्ये प्रत्येक वस्तू कुठं आहे ते पक्कं कळतं.

बुर्ज खलिफा, ८२८ मीटर. ईथन बाहेरून काचेवर चढतो, हातात चिकटणारे ग्लोव्हज. निळा दिवा म्हणजे चिकटलाय, लाल म्हणजे मेला. झालं, रेघ मारून मोकळा! मग एक ग्लोव्ह बंद पडतो. उंचीमुळं पोटात गोळा येतो ते खरंच आहे, क्रूझ खरंच त्या बिल्डिंगबाहेर लटकलाय ते पण खरं, पण माझं म्हणणं असं की तो लाल दिवा नसता तर ते नुसतं टुरिझमचं शूटिंग झालं असतं.

त्याहून भारी त्यानंतरचा सीन, ज्याचं रील कुणी बनवत नाही. दोन वेगळ्या मजल्यांवर दोन मीटिंग एकाच वेळी, विकणाऱ्याला वाटतंय मी घेणाऱ्याला भेटतोय आणि घेणाऱ्याला वाटतंय मी विकणाऱ्याला भेटतोय, आणि मुखवटे बनवायचं मशीन नेमकं बंद पडलंय. म्हणजे उघड्या चेहऱ्यानं करायचं. सांगली नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथं सीतास्वयंवर केलं, तेव्हा राक्षस-देव मुखवटे घालून यायचे असं आपण शाळेपासून ऐकतो. मुखवटा घातलेल्याचं अर्धं काम मुखवटाच करतो. तो काढून घेतला की नट उघडा पडतो, आणि मगच खरं नाटक. दुसऱ्या पिक्चरला जे तीन मुखवट्यांत जमलं नाही ते इथं मुखवटा नसल्यानं जमलं.

शेवट मुंबईत. अनिल कपूर आला तेव्हा २०११ ला थेटरात शिट्ट्या पडल्या होत्या, मी पण मारली होती. तो गाड्यांचा पार्किंग टॉवर कॅनडात, व्हँकुव्हरला सेट लावून केलेला. मुंबईचा भाग घाईत आहे, आणि अणुबाँबवाला व्हिलन मला आजही नीट आठवत नाही, उद्या सकाळपर्यंत परत विसरेन.

२२ जून, रविवार

आज पिक्चर नाही, फक्त म्युझिक. मिरजेचे तबल्याचे काका सतारमेकर गल्लीत कामाला आले होते, त्यांना घरी आणलं आणि ती मूळ धून ऐकवली. लालो शिफ्रिननं १९६६ च्या टीव्ही मालिकेसाठी केलेली, ती मालिका १९७३ पर्यंत चालली, आणि पिक्चर बदलले, डायरेक्टर बदलले, म्युझिकवाले बदलले, धून तीच.

काकांनी डोळे मिटून एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा मांडीवर हात. "पाचाचं आहे. दुप्पट धरलीस तर दहा." मग मोजून दाखवलं : तीन, तीन, दोन, दोन. आपल्या झपतालाच्या पण दहाच मात्रा पण खंड दोन-तीन-दोन-तीन. "म्हणून ऐकताना ओळखीचं पण वाटतं आणि पाय पण चुकतो," असं म्हणाले. मी इतकी वर्षं ही धून ऐकतोय आणि ती सतत पुढं का ढकलते ते आज कळलं, चाराच्या ठेक्याला सवयीनं जिथं विसावा येतो तिथं हिच्यात येतच नाही, एक मात्रा जास्त राहते आणि ती पुढच्या आवर्तनात लोटते. दोन लांब ठोके, दोन आखूड ठोके. मोर्स कोडमध्ये दोन लांब म्हणजे एम आणि दोन आखूड म्हणजे आय.

१९९६ च्या पिक्चरसाठी यू टू बँडच्या दोघांनी हीच धून चाराच्या ठेक्यावर आणली, डिस्कोत नाचता येईल अशी. काकांना ती पण लावली. दहा सेकंदांत म्हणाले, "बंद कर, हिचा पाय काढून घेतला."

२९ जून, रविवार

पाचवा. रोग नेशन, २०१५, मॅक्वारीचा पहिला. सुरुवातीलाच विमानाच्या दाराला लटकून उड्डाण. ए ४०० एम, लष्करी मालवाहू, आठ टेक. इतका मोठा स्टंट पहिल्या पाच मिनिटांत देऊन टाकला. भाचा खूश. मी बघत राहिलो पण आत काही हललं नाही, कारण त्या विमानात काय आहे आणि ते नाही मिळालं तर कुणाचं काय जाणार हे अजून कळायचंच असतं. पिक्चरच्या डोक्यावर ठेवलेली केक-टॉपरची बाहुली, असं लिहितो आणि पुढं जातो.

पुढं व्हिएन्नाचा ऑपेरा, आणि इथं मी रिमोट घेऊन चार वेळा मागं गेलो. स्टेजवर पुचिनीचा टुरांडो चाललाय, वर पडद्यामागं माचांवर मारेकरी, आणि एका बाईच्या हातात त्या गाण्याचं नोटेशन, ज्यात एका स्वराला खूण केलेली आहे. कॅमेरा ती खूण दाखवतो. तो स्वर आला की गोळी सुटणार. बास. आता गाणंच घड्याळ झालं! गाणारा चढत चाललाय, आपण ते गाणं आयुष्यात ऐकलेलं नसलं तरी कळतं की हा वर जातोय, अजून वर जातोय, आणि ईथनला एकाच वेळी दोन बंदुका दिसतायत आणि त्याच्याकडं एकच गोळी मारायची सवड.

यावरून आमच्या धंद्यातली गोष्ट. लग्नाच्या व्हिडिओत इतकी वर्षं मी ड्रोन, जिमी जिब, नवरीची एन्ट्री सगळं करतोय, आणि तरी दर लग्नात सगळ्यात घट्ट बसणारा तुकडा एकच, अंतरपाट. कापड धरलेलं, मंगलाष्टकं चाललीयत, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. प्रत्येकाला माहीत आहे की शेवटच्या सावधानला कापड खाली येणार, लहान पोरांना पण. काही नवीन घडत नाही, तरी माना उंचावतात. मी कित्येकदा त्यात स्लो मोशन घालून, मधे मधे फ्लॅशबॅक घालून ते बिघडवलंय, आणि हे मला एका व्हिएन्नाच्या सीननं दाखवलं. डिसेंबरच्या पहिल्या ऑर्डरला तो तुकडा सलग ठेवणार, मूळ आवाजासकट.

पाण्याखालचा सीन पण मोठा. मनगटावर ऑक्सिजनचा आकडा, हातात दोन कार्ड, ती निसटतात आणि आता खरं कुठलं खोटं कुठलं ते कळत नाही. तिथंही म्युझिक नाही. लँग्लीची खोली पाण्यात बुडवली असं समजा. आणि रेबेका फर्ग्युसनची इल्सा, जी ईथनला वाचवते, उलट त्याच्यापासून पळते, परत वाचवते. सिरीजला पहिल्यांदा असा माणूस मिळाला जो ईथनएवढा हुशार आहे.

६ जुलै, रविवार, आषाढी

साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, आणि फॉलआउट. उपासाला अप्पा पिक्चर बघत नाहीत, ते दिवसभर वारीचं लाईव्ह बघत होते, त्यामुळं मी आणि भाचा दोघंच.

२०१८. हा सगळ्यात पूर्ण आहे, पहिल्या दिवशीचा अंदाज चुकला नाही. बाथरूममधली मारामारी म्युझिकशिवाय, नुसते टाईल फुटल्याचे आणि दम लागल्याचे आवाज, तिघांत जो हरायला पाहिजे तो हरतच नाही. पॅरिसमध्ये उलट्या ट्रॅफिकमधून बाईक. विमानातून उडी, क्रूझनं त्यासाठी शंभरावर उड्या मारल्या, कारण संध्याकाळचा तो ठरावीक उजेड दिवसाला काही मिनिटंच मिळायचा. लंडनच्या गच्चीवरून उडी मारताना २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याचा घोटा मोडला, आणि तो मोडलेला शॉट पिक्चरमध्ये तसाच आहे, आपटतो, उठतो आणि लंगडत फ्रेमबाहेर जातो. मी तो थांबवून भाच्याला दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही.

शेवटच्या भागात दोन बाँब, पंधरा मिनिटं, आणि वायर कापायची पण आधी हेलिकॉप्टरमधल्या माणसाच्या हातातला रिमोट मिळवायचा, तो मिळेपर्यंत खाली कापायचं नाही. एक टीम जमिनीवर, ईथन आकाशात, मधे डोंगर. कथेत सियाचीन, शूटिंग न्यूझीलंडचं. तीन ठिकाणी तीन माणसं आणि प्रत्येकाची वाट दुसऱ्यावर अडलेली, आणि एकदाही गोंधळ होत नाही की कोण कुठं आहे. एडिटर म्हणून हा भाग मी कुणालाही शिकवायला वापरेन.

तरी एक अडचण. हा पाचव्याचा पुढचा भाग आहे. व्हिलन सोलोमन लेन तिथला, इल्सा तिथली, बायको तिसऱ्यातली. शेवटी बायको ईथनला भेटते तेव्हा माझा गळा भरून आला, भाच्याचा पण, पण त्यानं आधीचे बघितलेत. त्याच्या मित्रांनी नाही बघितलेले. त्यांच्यासाठी ती कुणीतरी डॉक्टर बाई.

१२ जुलै, शनिवार

डेड रेकनिंग, २०२३. आज अप्पांना मुद्दाम बसवलं, कारण गाडी.

आधी उडी. नॉर्वेच्या कड्यावरून मोटारसायकल, मग पॅराशूट. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी केली आणि सहा वेळा केली. यात खोट काढायला माझं मन धजत नाही, माणूस साठीकडं झुकलेला. पण या उडीचा मेकिंग व्हिडिओ २०२२ च्या डिसेंबरमध्येच सोडला होता, पिक्चर आला पुढच्या जुलैत. म्हणजे सात महिने आधी आम्ही रॅम्प बघितला, ट्रेनिंग बघितलं, तो खाली सुखरूप उतरून हसला ते बघितलं. मग थेटरात काय उरलं? भाचा, ज्यानं पहिल्या दिवशी हीच मागितली होती, उडीच्या वेळी मोबाईलमध्ये मेसेज बघत होता. मी टोकलं नाही, फक्त वहीत वेळ लिहिली.

आणि मग गाडी. वाफेचं इंजिन पिक्चरसाठी खास बांधलं आणि इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या खाणीत खरोखर ढकललं. पूल तुटलाय, डबे एकामागून एक लटकतात आणि पडतात, ईथन आणि ग्रेस (यातली पाकीटमार बाई) उभ्या झालेल्या डब्यातून वर चढतायत, किचनचा डबा, मग पियानो असलेला डबा, आणि प्रत्येक वेळी कळतं की हा गेला की पुढचा. अप्पा पुढं सरकून बसले. "आता कपलिंगवर वजन," ते म्हणाले, नंतर परत, "आता पुढच्यावर." प्रत्येक डबा म्हणजे एक पायरी. १९९६ ला ज्या माणसाला ओएचईनं सीनमधून बाहेर काढलं त्याला २०२३ च्या डब्यांनी आत ओढून घेतलं.

व्हेनिसमध्ये इल्साला मारलं ते मात्र मला मान्य नाही. तिच्यासारख्या माणसाला मरण द्यायचं तर त्या मरणाला आधी जागा करावी लागते. इथं पुलावर एक झटापट आणि संपली, पुढच्या शहरात पिक्चर निघून गेला.

१४ जुलै

शेवटचा, फायनल रेकनिंग. आपल्याकडं १७ मेला लागला, अमेरिकेच्या जवळपास आठवडाभर आधी. तेव्हा फोनमध्ये लिहिलेल्या चार ओळी आहेत, त्यावरूनच लिहितोय. जवळजवळ तीन तास. पहिला तास बोलणं आणि जुन्या पिक्चरचे तुकडे, ते जड झालं, जे सांगायचं ते दाखवण्याआधी तीन माणसांच्या तोंडून तीनदा येतं. पण बुडालेल्या पाणबुडीचा सीन! संवाद जवळपास नाही, पाणबुडी उतारावर गडगडतीय, आत टॉर्पेडो घरंगळतायत, आणि बाहेर पडायची वाट इतकी अरुंद की पाण्यात जिवंत ठेवणारा सूटच काढून ठेवावा लागतो.

आणि विल्यम डॉनलो. १९९६ ला लँग्लीच्या त्या पांढऱ्या खोलीत बसणारा बिचारा कारकून, ज्याला त्या चोरीपायी अलास्काला हाकललं होतं, तो एकोणतीस वर्षांनी परत येतो, तोच नट, रोल्फ सॅक्सन. थेटरात मी एकटाच टाळ्या वाजवत होतो, आजूबाजूच्यांना तो कोण ते माहीत नव्हतं.

१७ जुलै, गुरुवार

निर्णय. मार्कांच्या रकान्यात फॉलआउट पहिला, मग १९९६, मग पाचवा आणि चौथा (यांची अदलाबदल मी तीनदा केली), मग तिसरा, सातवा, आठवा, दुसरा. पण २० तारखेला लावायचा १९९६ चा. या पोरांनी स्टंट सगळे बघितलेत पण लँग्लीचं रील होत नाही, तीस सेकंदांत त्यातलं काही उरत नाही, कारण आधीच्या सूचना कापल्या की तो नुसता दोरीवर लटकलेला माणूस. आणि आठव्यात डॉनलो दिसला की टाळी वाजवायला माणसं पण तयार व्हायला पाहिजेत.

स्टंटचा रकाना मी खोडला नाही, तो खोटा नाही. फक्त रेघेचा रकाना त्याच्या आधी घेतला.

२० जुलै, रविवार

अकरा पोरं, दोन पोरी, भडंगाची दोन मोठी पातेली. सुरुवातीचा प्रागचा भाग त्यांना संथ वाटला, कुजबुज चालू होती, एकानं विचारलं बाईक कधी आहे. मी काही बोललो नाही. अप्पा मागं खुर्चीत.

खोलीच्या तीन अटी सांगून झाल्या आणि ईथन छतातून उतरायला लागला. हॉलमधला पंखा जुना आहे, फिरताना टक टक वाजतो, आम्हाला सवयीनं ऐकू येत नाही. दोरी अर्ध्यावर आली असेल, आणि पुढं बसलेल्यातला एक पोरगा, जो बाईकचं विचारत होता तोच, स्क्रीनवरची नजर न काढता उठला, भिंतीला धरून चवड्यांवर बटणापर्यंत गेला, पंखा बंद केला आणि तिथंच उभा राहिला. घाम ओघळेपर्यंत. कुणी त्याला बस म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी तिसरा लावायचा, त्यांनीच ठरवलं.